गहिनीनं तिसगावची बेरोजगारी संपवली

गहिनीनाथ म्हंजी माझा चुलतभाऊ. तिसगावच्या स्टँडावर त्याचं भज्याचं हॉटेल हाय, आन् हॉटेलाला लागूनच माझं कटलरीचं दुकान. मधी एक पत्रा. त्या पत्र्याला एक भोक हाय. ते मी पाडलेलं न्हाई, गंजून आपोआप पडलंय. पन पडलंयच तर बघायला काय जातंय? तेव्हा मी सांगते ते सगळं डोळ्यानं बघितलेलं हाय, म्हंजी एका डोळ्यानं.

हॉटेल दोघांचं. गहिनी गल्ल्यावर, त्याची बायकू लंका कढईवर. लग्न झालं त्या दिवसापासून ही वाटनी अशीच. गहिनी सकाळी आंघूळ करून इस्त्रीची पांढरी कापडं घालनार, कपाळाला गंध लावनार, गल्ल्यामागच्या खुर्चीत बसनार आन् पेपर उघडनार. लंका पहाटेच येऊन कांदा चिरून, पीठ कालवून कढईपुढं हुबी. संध्याकाळी तिच्या पायाला अशी सूज येते की चपलेत पाय घालताना दोन बायांनी धरावं लागतं. गहिनीला म्या म्हनलं, “आरं, जरा तू बघ की कढईचं,” तर तो म्हननार, “आक्का, गल्ल्याचं काम डोक्याचं हाय. डोकं तापलं तर धंदा बसंल.” आन् लंकाचे पाय तापले तर? त्याचं उत्तर त्याच्या पेपरात कधी छापून आलं न्हाई.

तर ह्या शांत, बिनकामाच्या मानसाला अर्थशास्त्राचा नाद लागला तो पोरीमुळं. सुकन्या, माझी भाची, पाथर्डीच्या कॉलेजात बी.ए. करते. परीक्षेच्या दिवसात आईला मदत म्हनून ती कांदा चिरायला बसायची आन् चिरता चिरता मोठ्यानं घोकायची. “स्थूल देशांतर्गत उत्पादन म्हणजे एका वर्षात देशाच्या हद्दीच्या आत...” आन् डोळ्यातून नुसत्या धारा. येनारी-जानारी मानसं थांबून म्हनायची, “बिचारीला लई अवघड विषय दिलाय गं बाई.” पोरगी परीक्षा देऊन आली आन् ठरल्यापरमानं पुस्तक मिटून मोकळी झाली. बापाला परीक्षाच नव्हती. त्याच्या ते ध्यानात राहिलं.

तवापासून गहिनीशी साधं बोलनं बंद झालं. गिऱ्हाईक म्हनालं “दोन प्लेट”, की हा म्हननार “मागनी वाढली.” लंका म्हनाली “गुडघा धरलाय,” की हा म्हननार “उत्पादन घटनार.” मी एकदा दुकान लवकर बंद केलं तर पत्र्यापलीकडनं आवाज आला, “आक्का, सेवा क्षेत्रात मंदी का गं?”

म्हनलं, “मंदी न्हाई, पोट बिघडलंय.”

“म्हंजी अंतर्गत अस्थिरता,” असं म्हनून त्यानं पान उलटलं.

रोज सकाळी त्याचा वर्ग भरायचा. पुढं बाकावर एसटीचे दोन कंडक्टर, एखादा मास्तर आन् गोजरबाई. गोजरबाईला एकबी दात न्हाई, कान मात्र दोन्ही शाबूत. तिचा ल्योक बजरंग ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. ही म्हातारी रोज एक कप चहा घेऊन गहिनीचं शिकवनं ऐकायची.

“देश म्हंजी मानूस धरा,” गहिनी सांगायचा. “डाक्टर कसा जीभ बघतो, नाडी बघतो? तसं देशाचं बघायचं. जीडीपी म्हंजी वजन. वर्षात किती पिकलं, किती घडलं, किती खपलं, त्याची बेरीज. वजन दरसाल थोडं थोडं वाढलं पायजे. महागाई म्हंजी ताप. अंग जरा कोमट पायजेच, पार गार पडलं तर मानूस गेला. पन चढला तर बडबडायला लागतो.”

“तुला चढलाय मग,” लंका कढईपासून.

“बेरोजगारी म्हंजी नाडी. किती हात रिकामे, ते बघायचं. आन् तो सेन्सेक्स म्हंजी बीपी. कशानं वर गेलं, कशानं खाली आलं, ते डाक्टरलाबी सांगता येत न्हाई.”

गोजरबाईनं लई विचार केला. म्हनाली, “आन् पोट साफ हुतंय का, ते कशावरनं बघायचं?”

गहिनी एक क्षनबी थांबला न्हाई. “त्याला निर्यात म्हनत्यात.”

हसू नका. त्याला खरंच बरंच कळायचं. महागाईचं तर त्याला आमच्यापेक्षा आधी कळायचं, कारन भज्याचा भाव त्यानं कधी वाढवला न्हाई. वाढवायचा कशाला? भजं बारकं करायचं. कांदा स्वस्त झाला की लंकाचं भजं लिंबाएवढं, महाग झाला की बोराएवढं. एका साली तर भज्यात कांद्याजागी कोबी आला. एक कंडक्टर भजं फोडून आत बघत म्हनाला, “गहिनीशेठ, कांदा सापडंना.”

“हाय की. पन तो परकीय गंगाजळीसारखा राखून ठेवलाय. अडीनडीला लागतो.”

आता खरी गोष्ट सांगते. गेल्या दिवाळीची.

आमच्या पट्ट्यातली निम्मी-अर्धी मानसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जात्यात. कुनी श्रीगोंद्याकडं, कुनी राहात्याकडं, कुनी पार कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता. असे कोयते जमवून मुकादम टोळी बांधतो आन् ट्रक भरून नेतो. जायच्या आधी सगळी बाजाराला येत्यात, कारन पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडातच काढायचे. ताडपत्री, पत्र्याची पेटी, पोरांना स्वेटर, बायांना बांगड्या. त्या बाजाराला माझ्या दुकानात बांगड्या भरता भरता माझे हात भरून येत्यात. आन् गहिनीच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते.

दरसालचं हाय हे. पन दरसाल गहिनी पेपरामागं असायचा. दिवाळीनंतर गिऱ्हाईक पातळ व्हायचं, लंका गुपचूप पीठ कमी भिजवायची, आन् ह्याला त्यातलं काय बी कळायचं न्हाई. टोळ्या जात्यात हे त्याला ठाऊक हुतं. पृथ्वी गोल हाय हे मला ठाऊक हाय, तसं. घरात वावरताना कोन ध्यानात ठेवतंय?

ह्या साली मात्र तो डोळे उघडून बसलेला. त्यानं दिवाळीआधीचा बाजार बघितला आन् उडालाच. “आक्का, विकासदर दुप्पट!” मग कांदा उतरला, भजं लिंबाच्या वर गेलं. “ताप उतरला! आता नाडी तेवढी बघायची.”

नाडी बघायची त्याची जागा म्हंजी स्टँडापुढचा पार. कडुलिंबाखालचा. त्या पारावर बारा महिने रिकामी मानसं बसलेली असत्यात, पत्ते खेळत, तंबाखू मळत. गहिनी रोज सकाळी तिकडं बघून बोटं मोजायचा. आन् भाऊबीज होऊन गेल्यावर एका सकाळी बघतो तर पार मोकळा. नुसतं एक कुत्रं.

त्यानं चष्मा पुसला. परत बघितलं. मग पत्र्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हनाला, “आक्का, बघितलंस का?”

“बघितलं. कुत्रं बेरोजगारात धरायचं का?”

“चेष्टा करू नको. कुत्र्याला मतदान न्हाई, धरायचं न्हाई.” आन् उठला, खडू घेतला, आन् दारातल्या काळ्या फळीवर ‘गरम कांदाभजी’च्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘तिसगाव. बेरोजगारी शून्य.’

एसटीतली मानसं खिडकीतून वाचत वाचत गेली. एकानं इचारलं म्हने, शून्य प्लेट केवढ्याला?

लंका झारा घेऊन बाहेर आली. “आवो, सगळी टोळीवर गेलीत.”

“गेलीत म्हंजी कामालाच गेलीत ना?”

“व्हय.”

“काम मिळालं ना त्यांना?”

“मिळालं.”

“मग बेरोजगारी संपली का न्हाई?”

लंकानं झारा खाली घेतला. खोडायचं काय? शब्द न् शब्द खरा हुता. सुकन्या आतनं म्हनाली, “पप्पा, पारावर बसलेले मोजायचे नसतात. काम शोधूनही ज्यांना मिळत नाही, ते बेरोजगार.”

“मग पारावरची?”

“ती शोधतच नव्हती. ती बेरोजगारीत पहिल्यापासूनच नव्हती.”

गहिनीचा चेहरा असा फुलला! “म्हंजी आधीबी शून्यच! आक्का, गाव किती पुढं गेलंय आन् आपल्याला पत्ता न्हाई!”

दुसऱ्या दिवशी तो नगरला गेला आन् श्रीमंतचा टेम्पो भरून आला. श्रीमंत आमच्या आळीतलाच, त्याचा टेम्पो चढाला कन्हतो. त्या दिवशी तर तो रडतच आला. हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाची पोती, तेलाचे डबे, आन् कांदा तर इतका की सुकन्याची अभ्यासाची खोली छतापर्यंत भरली. पोरगी चार दिवस पोत्यावर बसून अभ्यास करायची आन् कॉलेजात गेली की मैत्रिनी नाकाला रुमाल लावायच्या.

त्या संध्याकाळी हॉटेलात जे झालं ते मी भोकाला डोळा लावून, मग कान लावून, मग परत डोळा लावून घेतलं.

“हे सगळं कोन खानार?” लंका.

“बाजार.”

“बाजार गेला श्रीगोंद्याला.”

“तू नुसती कढई बघते. मी आकडे बघतो. वजन वाढलंय, ताप उतरलाय, नाडी चांगली हाय. आता मागनी येनार म्हंजी येनार. चंपाषष्ठीपर्यंत सगळा माल उडंल.”

“आन् न्हाई उडाला तर?”

गहिनी तावात हुता. मानूस तावात आला की आपल्याच पायाखालची सतरंजी आपनच ओढतो. म्हनाला, “न्हाई उडाला तर मी कढईवर हुबा राहीन, तू गल्ल्यावर बस. वर्षभर!”

लंकाचा झारा हवेतच राहिला. तेल ठिबकत हुतं. तिनं त्या खुर्चीकडं बघितलं, गल्ल्यामागच्या. मग स्वतःच्या पायाकडं बघितलं. खुर्चीकडं बघितलं तसं बाईनं नवऱ्याकडं कधी बघितलं नसंल.

“आन् उडाला तर?” तिनं इचारलं.

“तर वर्षभर मी बोलताना मधी बोलायचं न्हाई. नुसती मान हलवायची.”

“चालंल. पन फुकट वाटायचं न्हाई आन् वढ्याला टाकायचं न्हाई. विकला गेला पायजे. आन् तुमी म्हनता तसा आपल्या गावाच्या वाढीत धरला गेला पायजे.”

“जीडीपीत धरला जाईल असाच विकीन!” गहिनीनं गल्ल्यावर हात आपटला. “आपल्या गावाच्या जीडीपीत! आक्का, ऐकतीयस न्हवं तिकडनं?”

मी खोकले. काय करनार?

त्या दिवसापासून लंका रोज भरपूर पीठ भिजवायची. एक टोमना न्हाई, काय न्हाई. उलट गिऱ्हाइकाला आग्रह करायची. तिला जिंकायचं हुतं पन सरळ जिंकायचं हुतं. पन गिऱ्हाईकच न्हाई, तर आग्रह कुनाला? मागं राहिलेली म्हातारी मानसं, मास्तर आन् कंडक्टर. मास्तर म्हनायचे, “ऑइली नको, कोलेस्टेरॉल.” कंडक्टर किती खानार? पोटाला काय एसटीसारखी टपावर जागा असते? गोजरबाई एक भजं चहात बुडवून बसायची. सकाळी बुडवलेलं भजं दुपारपर्यंत चोखायची.

“घ्या की अजून एक,” गहिनी गयावया करायचा.

“हे संपलं की बघू,” गोजरबाई म्हनायची.

बाजाराचा दिवस आला. बाजारात दोन शेळ्या, एक टमाट्याची पाटी आन् दुकानदार एकमेकांना भाव इचारत बसलेले. गहिनीनं पेपरात वाचून मंदीवर उपाय काढला: प्रोत्साहन पॅकेज. एका प्लेटीवर दोन तळलेल्या मिरच्या फुकट. मी रोज जाऊन पॅकेजच घेऊन यायचे. तो म्हनायचा, “आक्का, मागनी करायची असते, नुसती सबसिडी खायची नसते.” मी म्हनायचे, “मला तेवढंच पचतंय.”

इकडं खोलीत कांद्याला मोड आले. रोज एवढे एवढे वाढायचे. सुकन्या म्हनाली, “पप्पा, घरात एवढीच वाढ दिसतीये बघा.” त्या दिवशी गहिनीनं पेपर उघडला न्हाई. खुर्चीत बसून कढईकडं बघत राहिला. तिथला धूर, त्या जाळाची धग, आन् समोर सगळा स्टँड. मला त्याच्या मनातलं दिसत हुतं: पांढरी कापडं, त्यावर तेलाचे डाग, आन् एसटीतनं उतरनारा प्रत्येक मानूस म्हनतोय, “काय शेठ, आज तुमी?”

चंपाषष्ठी तोंडावर आली. आदल्या दिवशी बजरंगचा फोन आला. आईची खबर घ्यायला तो हॉटेलातच फोन करतो, कारन गोजरबाईला तिच्या मोबाईलचं हिरवं बटन सापडत न्हाई. फोन स्पीकरवर हुता.

“आये, जेवली का?”

“भजं खातीया.”

“कधीपासनं?”

“सकाळपासनं.”

बजरंगनं एक सुस्कारा सोडला तो तिसगावात घुमला. “तुझं बरं हाय. हितं आमी समदी बाजरीची भाकर आन् ठेच्यावर हाय. आख्खा पार हितंच हाय की गं. रोज एकमेकांना म्हनतो, लंकावहिनीची भजी पायजे हुती.”

गहिनी खुर्चीतनं असा उठला की गल्ल्याची कडी निघून आली. “बजरंगा! कुठं हाय रे तुमची टोळी?”

“श्रीगोंद्याच्या अलीकडं. वाल्मिक पाटलाच्या मळ्यात.”

“उद्या किती मानसं असतील?”

“आमची, शेजारची, पलीकडच्या फडाची... जत्रा म्हना.”

गहिनी लंकाकडं वळला. डोळ्यात चमक. “माल चंपाषष्ठीपर्यंत विकायचा, एवढंच ठरलं हुतं. कुठं विकायचा, ते कुनी ठरवलं हुतं?”

लंकानं झारा खाली ठेवला. मग म्हनाली, “चला की. मानसं उपाशी हायेत तर जाऊ.”

सकाळी खंडोबाला भरीत-रोडग्याचा निवेद दाखवला आन् श्रीमंतचा टेम्पो निघाला. पुढं श्रीमंत, गहिनी आन् त्यानं पोटाशी धरलेली गल्ल्याची पेटी. मागं पोती, डबे, कढई, शेगडी, लंका, सुकन्या आन् मी. मी कशाला गेले? आवो, पत्र्याचं भोक काय श्रीगोंद्यापर्यंत पुरत न्हाई.

दुपार टळत आली तवा पोचलो. उसाच्या कडंनं कोप्यांची, म्हंजी पाचटाच्या झोपड्यांची रांग, चुली, वाळत घातलेली लुगडी, बैलांपुढं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं. फडातनं मानसं यायला लागली तशी मी बघतच राहिले. पारावरची सगळी! जी मानसं तिसगावात बसल्या जागेवरनं पानी मागायची, ती इथं डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरनं ट्रकात चढत हुती. पत्त्यातला तो जाड्या, ज्याला मी कधी हुबा बघितला नव्हता, तो तर वळखूच येईना.

लंकानं पहिला घाना सोडला. वास सुटला आन् कोपीकोपीतनं मानसं निघाली. ताटल्या घेऊन, पातेल्याची झाकनं घेऊन, एकजन तर टोपी उलटी करून. बाया म्हनत हुत्या, “लंकाबाई, आमच्या पोराला आधी.” घान्यामागं घाना. पोत्यामागं पोतं. पलीकडच्या फडाची आली, ट्रकचे ड्रायव्हर आले, मळ्याचा मालक वाल्मिक पाटील मोटरसायकलीवरनं आला आन् मोटरसायकलीवरच बसून दोन ताटल्या खाल्ल्या. गहिनी तेलाच्या पालथ्या डब्यावर, मांडीवर गल्ला, वरनं उसाची धूळ, पन चेहरा असा की जनू दिल्लीत बसलाय. लंका हुबी ती हुबीच. पाय सुजलेले मला लांबनं दिसत हुते.

शेवटचं पोतं झटकलं तसा गहिनी डब्यावरनं उठला. “संपला! चंपाषष्ठीला सगळा माल संपला! लंका, हलव मान!”

मानसं टाळ्या वाजवायला लागली. कशाला, ते त्यांना ठाऊक न्हाई. पन पोट भरलं हुतं.

लंकानं मान हलवली न्हाई. पदरानं कपाळ पुसलं आन् हाक मारली, “सुकन्ये, हिकडं ये. ते कांदा चिरताना घोकायचीस ते म्हनून दाखव. देशाच्या हद्दीचं.”

सुकन्यानं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. “मला नका ना ओढू ह्यात.”

“पेपरात लिहिलं, त्याचं मार्क घेतलं. बापापुढं बोलायला काय हुतंय?”

पोरगी हळूच म्हनाली, “एका वर्षात देशाच्या हद्दीच्या आत जे तयार होतं, त्याची एकूण किंमत म्हणजे जीडीपी. करणारा कुठलाही असो. हद्द बघायची.”

“करनारा कुठलाबी असू दे,” लंका म्हनाली. “हद्द बघायची. आपन आता कुनाच्या हद्दीत भजी तळली?”

गहिनीच्या हातातला गल्ला खाली आला.

मोटरसायकलीवरनं वाल्मिक पाटील ओरडला, “आमच्या! श्रीगोंद्याच्या!” आन् बोटं चाटत म्हनाला, “गहिनीशेठ, उपकार झाले बाबा. आमचा विकासदर वाढवून दिला.”

“आसं कसं?” गहिनी. “पीठ आमचं, कांदा आमचा, बाई आमची, खानारी मानसं आमची!”

“तसं मोजायचं दुसरं माप आहे पप्पा,” सुकन्या म्हनाली. “राष्ट्रीय उत्पन्न. आपली माणसं कुठंही जाऊन कमावू देत, ते आपल्यात धरतात.”

“मग तेच! तेच घ्या की! तेच मला म्हनायचं हुतं!”

बजरंग भजं खाताखाता थांबला. “म्हंजी आमी हितं जे तोडतो ते एका मापानं ह्यांचं आन् एका मापानं तिसगावचं?”

“हो, काका.”

“बरं हाय. दोन्हीकडं आपलं नाव हाय म्हनायचं.” आन् परत खायला लागला.

लंका माझ्याकडं वळली. “आक्का, पैज लावताना हे कुठलं माप म्हनले हुते?”

सगळा फड माझ्याकडं बघायला लागला. गहिनी माझ्याकडं बघत हुता, लहानपनी आंबा चोरून माझ्यामागं लपायचा तसा. सख्ख्यासारखा भाऊ माझा. माझा जीव तुटला. पन लंकाचे पाय बी दिसत हुते की.

“जीडीपी म्हनला हुता,” म्या सांगितलं. “दोनदा. गल्ल्यावर हात आपटून. आपल्या गावाच्या जीडीपीत, असं म्हनला हुता.”

“आक्का!”

“काय आक्का? मलाच साक्षीला धरलं हुतं न्हवं?”

फडात हशा पिकला. श्रीमंत टेम्पोच्या चाकाला टेकून हसत हुता. कुनीतरी म्हनलं, “मुकादम, ह्यांचा नवा कोयता लिहून घ्या. बाई पुढं, बाप्या मागं.” गहिनीनं एकदा उसाकडं बघितलं, एकदा टेम्पोकडं. पळायला वाट न्हाई. टेम्पोबी चढाला कन्हनारा.

तेवढ्यात लांबच्या फडातनं उशिरानं सुटलेली एक टोळी आली. मानसं दमलेली, भुकेजलेली, हातात ताटल्या. पातेल्याच्या तळाला थोडं कोरडं पीठ आन् चिरलेला कांदा उरला हुता.

लंकानं झारा पुढं केला.

गहिनीनं बाह्या दुमडल्या. सदऱ्यावर काय बांधावं म्हनून हिकडंतिकडं बघितलं, तर बजरंगच्या बायकूनं रिकामं पोतं दिलं. ते त्यानं कंबरेला गुंडाळलं, उरलेलं पीठ पानी घालून आपल्याच हातानं कालवलं. कढईपुढं हुबा राहिला आन् पहिलं भजं असं लांबनं टाकलं, जसं कुनी इहिरीत दगड टाकतो. तेल उडालं. “आगं आई!”

“जवळनं सोडा,” लंका म्हनाली. “ते चावत न्हाई.”

“धग लई हाय गं.”

“हाय की.”

त्यानं सोडली जवळनं. एक भजं फुटबॉलएवढं झालं, एक नुसतं शेपूट. काही बाहेरनं काळी, आतनं कच्ची. टोळीतल्या मानसांनी बघितलं, एकमेकांकडं बघितलं आन् खाल्ली. भुकेला काळं-गोरं कळत न्हाई. एक म्हातारा म्हनाला, “दादा, अजून हायेत का?” तर गहिनीचा चेहरा असा उजळला! दुसरा घाना सोडताना तो जीभ बाहेर काढून सोडत हुता, बारकं पोर चित्र काढतं तसं. घाम नाकावरनं ओघळत हुता, पुसायचं भान न्हाई. विकासदर, ताप, नाडी, कशाचं म्हंजी कशाचं नाव न्हाई.

लंका तेलाच्या पालथ्या डब्यावर बसली. मांडीवर गल्ला. दोन्ही पाय लांब पसरले आन् टाचा मातीत टेकवल्या. सुकन्यानं ताटलीतलं एक भजं तिच्या हातात दिलं. तिनं फुंकलं, तोडलं, तोंडात टाकलं, डोळे मिटले. इतकी वर्सं दुसऱ्यासाठी तळनारी बाई बसून, गरमगरम, दुसऱ्यानं तळलेलं भजं खात हुती. सगळा फड तिच्या तोंडाकडं बघत हुता. गहिनी तर झारा धरूनच वळला.

“कसं झालंय?” त्यानं इचारलं.

“मीठ न्हाई घातलं,” लंका म्हनाली, आन् दुसऱ्या भज्यासाठी हात पुढं केला.